आमच्या किचनमधली पायवाट

रोज सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी एक बाई आमच्या किचनमधून जायच्या. मागच्या दाराने आत यायच्या, सिंक आणि फ्रीजच्या मधून चालत पुढच्या दाराने बाहेर पडायच्या आणि चर्चच्या दिशेने निघून जायच्या. वय एकोणऐंशी. अंगात रस्ते खोदणारे घालतात तसलं भगभगीत नारिंगी जाकीट, पायात चिखलाचे गमबूट आणि हातात शाळेची पितळी घंटा. आमच्या ओट्यापाशी पोचल्या की ती घंटा तीनदा वाजवायच्या. तोंडातून मात्र एक अक्षर नाही.

हे कुणाला सांगितलं की लगेच उत्तर येतं, "अगं, डिमेन्शिया असेल बिचारीला." डिमेन्शिया कसला डोंबलाचा! बाईंचं डोकं माझ्या ऑफिसातल्या अख्ख्या टीमपेक्षा चांगलं चालायचं. उलट चालायचं एवढंच.

आम्ही त्या गावात गेलो ते नवऱ्याच्या हौसेपायी. आम्ही दोघं इंग्लंडमध्ये, ब्रॅकनेलला आयटीत. तो बर्मिंगहॅमला जन्मलेला, त्यामुळे खेडं त्याने फक्त कॅलेंडरवर पाहिलेलं. एक दिवस म्हणाला, "आपण एक कॉटेज घेऊया का रेंटवर? खूप शांत असतो तिथे." मराठीत त्याच्या तोंडी सगळ्याच गोष्टी पुल्लिंगी असतात, तेव्हा मी तिकडे लक्ष दिलं नाही, आणि कॉटेजकडेही नीट दिलं नाही. चाळीस घरं, एक चर्च, एक तळं, आठवड्यातून तीन दिवस उघडा असणारा पब, आणि मंगळवारी येणारी एक बस. सासूबाई एकट्या झाल्या होत्या, म्हणून त्यांनाही आमच्याबरोबर आणलं.

सासूबाईंबद्दल दोन शब्द सांगायला हवेत, नाहीतर पुढचं कळणार नाही. त्यांनी बर्मिंगहॅममध्ये एका हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये तीस वर्षं काढली. माणसाला खायला घालणं ही त्यांची नोकरी होती आणि तोच त्यांचा धर्म. मीटर वाचायला आलेला माणूस त्यांच्याकडून न खाता गेला, असं आजवर झालेलं नाही.

तर आम्ही राहायला गेलो तो शनिवार. रविवारी सकाळी सासूबाई चहा टाकत होत्या आणि मागचं दार उघडून बाई आत आल्या. सासूबाईंना वाटलं, काय गं बाई हे गाव, दुसऱ्याच दिवशी शेजारीण भेटायला आली! "या, या! Come in, love, sit down, चहा टाकतेय बघा." बाई जागच्या जागी थिजल्या. चेहरा असा झाला की जणू कुणी थोबाडीत मारली. मनगटावरचं घड्याळ पाहिलं, तीनदा घंटा वाजवली आणि तरातरा निघून गेल्या. चहा तसाच राहिला.

तासाभराने दारातून एक टाईप केलेलं पत्र आत पडलं. "आज सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी आपण मला आत येण्याचे निमंत्रण दिलेत. ते कृपया लेखी मागे घ्यावे. मी आपल्या परवानगीशिवाय रोज येत राहीन. आपली विश्वासू."

मी पत्र घेऊन सरळ बाईंच्या घरी गेले. चांगली भांडायच्या तयारीत होते. बाईंनी दार उघडलं, "बसा" म्हणाल्या, चहा दिला, आणि दगडासारखी बिस्किटं पुढे ठेवून शिकवणी सुरू केली. गावातल्या शाळेच्या त्या शेवटच्या हेडमिस्ट्रेस. समोर कुणीही बसलं तरी त्यांच्या मते ते चौथीतलं मूल असायचं.

"तुमचं किचन जिथे आहे तिथे आधी वाट होती. तळ्यापासून चर्चपर्यंत. बायका पाणी न्यायच्या, तिरड्याही त्याच वाटेने जायच्या. मग एका माणसाने त्या वाटेवरच घर बांधलं." इथे बाईंचा आवाज चढला. "लाज नव्हती त्याला. भाऊही तसलाच होता."

"कधीची गोष्ट?"

"तीनशे वर्षं झाली असतील," बाई म्हणाल्या. राग कालचा होता.

ही वाट काउंटीच्या सरकारी नकाशात नव्हती. पण इथला कायदा असा, की लोक एखाद्या वाटेने सलग वीस वर्षं हक्काने चालत आले, तर ती वाट नकाशात घालावी लागते आणि मग ती कायमची सगळ्यांची होते. अटी तीनच. जबरदस्तीने चालायचं नाही, म्हणून बाई दाराला धक्का मारत नसत, मालकाने लावलेली कडी दिसली असती तर तिथेच थांबल्या असत्या. चोरून चालायचं नाही, म्हणून ते नारिंगी जाकीट आणि ती घंटा. आणि परवानगीने चालायचं नाही. घरच्यांनी एकदा "या" म्हटलं की तो हक्क राहत नाही, पाहुणचार होतो, आणि पाहुणचाराने वाट बनत नाही.

"साडेसतरा वर्षं झालीत," बाई म्हणाल्या. "एकही दिवस चुकलेला नाही. आणि तुमच्या त्या बाईंनी काय केलं? मला चहा विचारला!"

आमच्या आधी त्या घरात एक म्हातारा शेतमजूर राहायचा. गावच्या फ्लॉवर शोमध्ये बाई परीक्षक होत्या आणि त्यांनी त्याचा भोपळा बाद केला होता, देठातून साखरेचं पाणी पाजतो म्हणून. त्यानंतर मरेपर्यंत तो बाईंशी बोलला नाही. रोज सकाळी त्याच्या डोळ्यांदेखत बाई त्याच्या किचनमधून जात आणि तो पाव खात भिंतीकडे बघत बसे. "आदर्श माणूस," बाई हळहळून म्हणाल्या. "असे शेजारी आता मिळत नाहीत."

मी भांडायला गेले होते, आणि बाईंना घरी कसं बोलवायचं नाही याची टिपणं घेऊन परत आले.

पुढे रविवारी दुपारी मी त्यांच्याकडे जायला लागले. नवरा म्हणायचा, "तुला तिथे काय मिळतो?" काय सांगायचं त्याला? बाई गावाचा इतिहास लिहीत होत्या. कागद घरात मावेनात म्हणून त्यांनी बंद पडलेल्या लाल टेलिफोन बॉक्समध्ये फायली रचल्या होत्या. कुणाला गावाबद्दल काही विचारायचं असलं तर बाई त्याला तिथे घेऊन जायच्या, स्वतः बाहेर उभ्या राहायच्या आणि काचेतून ओरडून सांगायच्या, "खालून तिसरी! निळी!" पुस्तक मात्र शंभर वर्षांपूर्वीच्या एका प्रकरणाशी येऊन अडकलं होतं. पुढच्या पानावर कुणाच्या तरी पणजोबांनी चर्चची मेणबत्तीची स्टँडं विकल्याचं लिहावं लागणार होतं आणि पणतू अजून गावात चर्चचे खजिनदार होते.

समर फेटला, म्हणजे गावच्या उन्हाळी जत्रेला, बाईंचा स्वतंत्र स्टॉल असायचा. बाकीचे जॅम विकायचे, झाडं विकायचे. बाई फुकटात तुमच्या घराचा इतिहास सांगायच्या. लंडनहून नव्याने आलेलं एक जोडपं हौसेने पुढे आलं. बाईंनी फाईलसुद्धा उघडली नाही. "तुमच्या बेडरूममध्ये डुकरं असायची. आणि ती फार चांगली डुकरं होती." जोडप्याने जॅमच्या दोन बाटल्या घेतल्या आणि पुन्हा कधी फेटला दिसलं नाही.

एकदा मी विचारलं, "बाई, खरं सांगा, ही वाट नकाशात आली काय आणि न आली काय, कोण चालणार आहे तिच्यावरून?"

बाईंनी बिस्किट चहात बुडवलं. मग म्हणाल्या, "दुकान बंद झालं तेव्हा एक माणूस आला होता. म्हणाला, कुणी वापरत नाही. पोस्ट बंद झालं तेव्हा दुसरा आला. म्हणाला, कुणी वापरत नाही. शाळा बंद करायला तिघं आले. माझ्या शाळेत तेव्हा नऊ मुलं होती. नऊ म्हणजे कुणी नाही असं मला त्यांच्याकडून कळलं. हजेरीपटावर शेवटची सही मी केली, घंटा घरी आणली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या वाटेने चालायला लागले. या गावातली एक तरी गोष्ट मी अशी ठेवणार आहे, जी कुणी वापरत नाही असं त्यांना म्हणता येणार नाही."

मला रडू आलं. बाईंनी माझ्यापुढे बिस्किटांचा डबा सरकवला, तसं ते थांबलंच.

इकडे घरात युद्ध पेटलं होतं. मी सासूबाईंना कायदा समजावून सांगितला. त्यांनी नीट ऐकून घेतला आणि म्हणाल्या, "म्हणजे माझ्या घरात माणूस रोज येणार, आणि मी त्याला पाणीसुद्धा विचारायचं नाही? असला कसला मेला कायदा!" दोन दिवस त्या गप्प राहिल्या. तिसऱ्या दिवशी बाई आल्या आणि सासूबाईंच्या तोंडून निघून गेलंच, "थोडा उपमा तरी..." दुपारी पत्र हजर.

संक्रांतीला त्यांनी तिळगुळाची वाटी बाईंच्या वाटेत धरली. बाई वळसा घालून गेल्या. दिवाळीला फराळाचं ताट बरोबर सिंक आणि फ्रीजच्या मध्ये स्टुलावर ठेवलं. बाईंनी गमबूट उचलून स्टूल ओलांडलं, आणि एकोणऐंशीच्या वयात ते सोपं नव्हतं. पुढचा एक आठवडा सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला चकल्या देताना सांगायच्या, "खा बाबा. एकीने लाथाडल्यात."

एका हिवाळ्यात बाहेर बर्फाची नुसती काच झाली होती. बाई आल्या त्या लंगडत. कुठेतरी पडल्या होत्या, गुडघ्यातून रक्त येत होतं. सासूबाईंनी गॅस तसाच टाकून खुर्ची ओढली. "बस, अगं बस! Sit!" बाई खुर्चीला धरून उभ्या राहिल्या. बसल्या नाहीत. ओठ पांढरे पडले होते. तरी त्यांनी तीनदा घंटा वाजवली आणि दाराबाहेर पडल्या. फरशीवर रक्ताचे दोन थेंब राहिले. सासूबाईंनी ते पुसले आणि मग तिथेच बसून ढसाढसा रडल्या. "मी काय विष घालणार होते का गं तिला?"

मी म्हटलं, "आई, रविवारी माझ्याबरोबर चला त्यांच्या घरी. तिथे छान बोलतात."

"जी माझ्या घरचं पाणी पीत नाही तिच्या दारात मी का जाऊ?" त्या दिवसापासून त्यांनी बाईंचं नाव 'घंटा' ठेवलं.

वीस वर्षं पूर्ण झाली त्या सकाळी बाईंनी घंटा चारदा वाजवली आणि मंगळवारच्या बसने जाऊन कौन्सिलला अर्ज दिला. तेव्हा कुठे आमचे घरमालक जागे झाले. गावाबाहेरच्या मोठ्या घरात राहायचे. घराणं चार पिढ्या गावात, त्यामुळे बाई त्यांना 'ते नवीन लोक' म्हणायच्या. त्यांनी इतकी वर्षं बाईंना हसण्यावारी नेलं होतं. आता त्यांना कळलं, की किचनमधून सरकारी पायवाट गेलेलं कॉटेज कुणी विकत घेणार नाही. त्यांनी हरकत घेतली आणि प्रकरण चौकशीला गेलं.

एका संध्याकाळी मालक वाईनची बाटली घेऊन आमच्याकडे आले. फार गोड माणूस. "तुम्ही लोक किती आतिथ्यशील. तुम्ही त्यांना नक्की आत बोलावलं असेल, नाही का? तेवढंच खरं खरं सांगायचं. मग हवी तितकी वर्षं राहा इथे." नाही सांगितलं तर काय, हे ते बोलले नाहीत. बोलायची गरजही नव्हती.

ते गेल्यावर मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, "मी खोटं बोलणार नाही हं. त्याच्यासाठी नाही आणि तिच्यासाठीही नाही. बोलावलं तर बोलावलं. रोज बोलावलं."

झालं. आता बाईंची वीस वर्षं आमच्याच चहात बुडणार होती. चौकशीच्या आदल्या दिवशी दुपारी मी बाईंना ते सांगायला गेले. बाईंनी ऐकलं. त्या खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या, तिथून शाळेची इमारत दिसते. आता तिथे कुणाचा तरी योगा स्टुडिओ आहे.

"त्यांना खरं तेच सांगायला सांगा," बाई म्हणाल्या. "मी मुलांना चाळीस वर्षं दुसरं काय शिकवलं?" आणि कपात चहा ओतायला गेल्या तर सगळा बशीतच ओतला.

चौकशी व्हिलेज हॉलमध्ये होती. अख्खं गाव लोटलं होतं. चर्चच्या फुलांची पाळी सांभाळणाऱ्या बायकांनी एका कोपऱ्यात केकचा स्टॉलही लावून टाकला होता. निकाल द्यायला जे आले होते त्यांना इन्स्पेक्टर म्हणतात. सासूबाई पोलीस येणार म्हणून पैठणी नेसून आल्या होत्या, तर समोर एक सर्दी झालेला मऊ आवाजाचा माणूस बसलेला. मालकांनी लंडनहून वकील आणला होता.

वकिलाने सासूबाईंना उभं केलं. पहिलाच प्रश्न, "तुम्ही या बाईंना कधी घरात बोलावलं होतं का?"

"हो," सासूबाई म्हणाल्या. "पहिल्या दिवशी. Come in म्हटलं, sit down म्हटलं, चहा विचारला."

हॉलमध्ये कुणीतरी "अरे देवा" अशा अर्थाचं काहीतरी इंग्रजीत म्हणालं. मालक खुर्चीत मागे रेलून बसले. बाई पहिल्या रांगेत ताठ बसल्या होत्या. मांडीवरची पर्स त्यांनी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती.

"आणि नंतर?"

"नंतरही. उपमा विचारला. तिळगुळ दिला. फराळ ठेवला."

"म्हणजे," वकील इन्स्पेक्टरकडे वळून म्हणाला, "या बाई तिथून या कुटुंबाच्या प्रेमळ परवानगीने जात होत्या."

"कसली परवानगी?" सासूबाई कडाडल्या. तीस वर्षं कॅन्टीनमध्ये डॉक्टरांना रांगेत उभं करणारा आवाज होता तो. "परवानगी तिने घेतली कुठे? Did she sit? No! चहा घेतला? एक घोट नाही! साडेतीन वर्षं, साहेब. साडेतीन वर्षं मी या म्हणतेय आणि ती हूं की चूं करत नाही. मी बेसनाचे लाडू केले, ती त्यांच्यावरून उडी मारून गेली! गुडघा फुटला तेव्हा खुर्ची दिली, रक्त गळत होतं, तरी बसली नाही. वर पत्रं पाठवते, मला बोलावू नका, मी तुमच्या परवानगीशिवाय येणार! Twenty-two letters! सगळी आणलीत मी." आणि त्यांनी खरोखरच पिशवीतून गठ्ठा काढून इन्स्पेक्टरसमोर आपटला. "तुम्हीच सांगा, असा अपमान कुणी कुणाचा करतं का?"

मी शेजारी उभी राहून मराठी भागाचं भाषांतर करत होते. लाडवांना इंग्रजीत काय म्हणायचं या विचारात मला जरा उशीर झाला, तेवढ्यात हॉलमध्ये हसू फुटलं होतं. इन्स्पेक्टर मात्र हसत नव्हते. ते एकेक पत्र उघडून वाचत होते. नाक पुसून त्यांनी विचारलं, "म्हणजे आपण दिलेलं प्रत्येक निमंत्रण यांनी नाकारलं?"

"नाकारलं? अहो, बघितलंसुद्धा नाही!"

"आणि तरीही त्या येत राहिल्या?"

"रोज! आठ दहाला! हक्काने!"

इन्स्पेक्टरनी तो शेवटचा शब्द मला दोनदा विचारून लिहून घेतला. वकील खाली बसला. मी बाईंकडे पाहिलं. त्या सासूबाईंकडे बघत होत्या, आणि त्यांचे डोळे भरून आले होते. सासूबाईंनी मान फिरवली आणि तावातावाने केकच्या स्टॉलकडे निघून गेल्या.

निकाल सहा आठवड्यांनी आला. वाट नकाशात घातली गेली. मालकांनी आमचा करार वाढवला नाही, त्यामुळे पुढे आम्ही ब्रॅकनेलला परत आलो, पण ते नंतरचं. निकालाचं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी आमच्या किचनमध्ये कुणीही आलं नाही.

सव्वाआठ झाले. सासूबाई थालीपीठ थापत होत्या आणि घड्याळाकडे बघत नसल्याचं दाखवत होत्या. साडेआठला म्हणाल्या, "बघ गं, पडली बिडली नाही ना कुठे."

तेवढ्यात मागच्या दारावर टकटक झाली. मी दार उघडलं. बाई. जाकीट नाही, घंटा नाही. निळा कार्डिगन, केस नीट विंचरलेले, ओठांना लिपस्टिक, तीही थोडी बाहेर गेलेली. हातात डॅफोडिलची जुडी. मी त्यांना ओळखलंच नाही क्षणभर. उंबऱ्याच्या अलीकडे उभ्या राहून त्या माझ्या खांद्यावरून सासूबाईंना म्हणाल्या, "मी आत येऊ का?"

सासूबाईंनी तव्यावरचं थालीपीठ उलटलं. "थांब जरा," म्हणाल्या. "साडेतीन वर्षं मी थांबलेय." आणि दुसरी बाजू खरपूस होईपर्यंत बाईंना त्यांनी दारात उभं ठेवलं. बाई गुपचूप उभ्या राहिल्या. मग सासूबाईंनी पदराला हात पुसले, खुर्ची ओढली आणि म्हणाल्या, "या. बसा."

बाईंनी बूट काढले आणि बसल्या. वीस वर्षं रोज पाहिलेलं किचन त्या नव्याने बघत होत्या, छत, खिडकी, सगळं. दोन थालीपीठं खाल्ली, डोळ्यांतून पाणी आलं तरी ठेचा सोडला नाही. सासूबाई वाढत होत्या, बाई खात होत्या. मध्येच मागचं दार धाडकन उघडलं. पाठीवर सॅक, गळ्यात नकाशा लटकवलेले तिघं जण चिखलाच्या बुटांनी आत आले, "मॉर्निंग!" म्हणाले आणि फ्रीजजवळून पुढच्या दाराने निघून गेले.

बाई हातातला घास तसाच धरून त्यांच्या पाठीकडे बघत राहिल्या. "दार वाजवायची काही पद्धत?" त्या भडकून म्हणाल्या. "लोकांच्या घरातून असं जातात?"

सासूबाई इतक्या हसल्या की त्यांना ओट्याला धरावं लागलं. दहा वाजले, अकरा वाजले. मी ऑफिसला घरूनच लॉगिन केलं. बारा वाजता बाई उठल्या, बूट घातले, सासूबाईंचा हात दोन्ही हातांत घेऊन नुसत्या उभ्या राहिल्या, आणि मग निघाल्या.

पुढच्या दाराकडे त्या वळल्याच नाहीत. वीस वर्षांत पहिल्यांदाच त्या दिवशी बाई चर्चकडे गेल्या नाहीत. कुणाच्याही घरून पाहुणा जातो तशा, आल्या होत्या त्याच दाराने परत गेल्या.